सोमवार की गुरुवार

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

आजही सत्यशीला गाभाऱ्यापर्यंत आली नाही. पायऱ्यांच्या खाली उभी राहून हात जोडले आणि परत गेली. गुडघा दुखतो म्हणाली. नैवेद्य शेजारच्या बायडाबाईने रांधला, तिनेच वर आणून दिला. हा तिसरा मंगळवार. डोंगराईच्या देवळाला अकराच पायऱ्या आहेत. सत्यशीला अंगाने जड आहे, साखरेचा आजार आहे, हे खरं. पण आजवर तिला त्या पायऱ्या कधी दिसल्या नव्हत्या.

देवीची पूजा आम्हा गुरवांच्या घरात पणजोबांपासून आहे. पूजा पुरुषाने करायची आणि नैवेद्य अशा बाईने रांधायचा, जिची महिन्याची अडचण कायमची थांबली आहे. आईनंतर चुलतीने केला. चार वर्षांपूर्वी सत्यशीला त्यातून सुटली तेव्हा चुलतीने देवीची पितळी परात तिच्या हाती दिली. आमच्या लेकीच्या लग्नातही ती एवढी हसली नव्हती.

आता तिचं मन उडालं की काय? विचारायला धीर होत नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

माघी पौर्णिमा. भंडाऱ्याला अडीचशे पान झालं. बायडाबाई भावाकडे दिंद्रुडला गेलेली, त्यामुळे आज सत्यशीलाच चुलीपाशी बसली. पहाटेपासून तीन वेळा अंघोळ केली. पुरण वाटताना रडत होती. कावून रडतीस म्हणून विचारलं तर कांदा लागला म्हणाली. नैवेद्यात कांदा नसतो.

भक्तीने डोळे भरून आले असतील. मला असं रडू येत नाही, याचं वाईट वाटलं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

लेक मोहिनी महाशिवरात्रीला आली होती. ती घाटनांदूरला दिली आहे. आईसाठी पिवळी साडी आणली होती. सत्यशीलाने हात फिरवून बाजूला ठेवली, म्हणाली, मला गडद आण, काळपट आण. अंथरूणही महिनाभर वेगळं घालते, आणि मी उठायच्या आत धुऊन वाळत टाकलेलं असतं. एवढ्या थंडीत कशाला, म्हटलं तर ऐकत नाही. रंगाचा मोह सुटला, शरीराची शुद्धी वाढली. या वयात काही माणसांना असं वैराग्य येतं. माझ्याआधी तिला आलं.

मोहिनी मात्र जाताना म्हणाली, "आबा, आई पांढरी फटक पडलीय. तुमाला दिसत न्हाई का?" मंगळवारी घाटनांदूरला बायकांच्या तपासणीचं शिबिर आहे. घेऊन यायचंच असं बजावून गेली.

मंगळवार, ४ मार्च

शिबिराला गेलो. शिबिर लातूरच्या दवाखान्याचं, शाळेच्या खोल्यांत पडदे लावले होते. सिस्टर म्हणजे इंजेक्शन टोचणारी, असं मी आजवर समजत आलो. इथली वनमाला सिस्टर स्वतः तपासत होती, स्वतः चिठ्ठ्या लिहीत होती, अडेल तिथे लातूरच्या डॉक्टरांना फोन लावून चार वाक्यांत विषय संपवत होती. चाळिशीची, हायवेवरच्या मांजरसुंब्याची. गाड्यांच्या आवाजात वाढल्यामुळे आपला आवाज मोठा आहे, असं तिने आधीच सगळ्या बायकांना सांगून टाकलं. तिने नर्सिंगनंतर कॅन्सरच्या रुग्णांसाठीचं वेगळं शिक्षण घेतलं आहे, असं मोहिनी म्हणाली.

तिने सत्यशीलाला विचारलं, पाळी कधी थांबली, आणि त्यानंतर कधी अंगावरून गेलं का. सत्यशीला जमिनीकडे बघत राहिली. ती बोलेना म्हणून मीच उत्तर दिलं.

"चार वर्षं झाली बाई. ती देवीचा नैवेद्य करती. तसलं काही असतं तर तिला चुलीपाशी येऊ दिलं असतं का?"

सिस्टरचं लिहिणं थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग सत्यशीलाकडे. मग मला अगदी आदराने म्हणाली, "महाराज, बाहेर म्हातारी माणसं उनात उभी हायत. तुमचा शब्द मानतील. जरा सावलीला बसवून येता का?"

मला बरं वाटलं. एवढ्या गर्दीत तिने माझी ओळख ठेवली. माणसं बसवून आलो तर पडदा ओढलेला. अर्धा तास मी बाहेर. पडदा सरकला तेव्हा सत्यशीलाचा चेहरा धुतल्यासारखा होता. सिस्टर म्हणाली, परवा गुरुवारी लातूरच्या दवाखान्यात यायचं, चुकवायचं नाही. कशासाठी, असं मी विचारलं. ती म्हणाली, "ते ताईच सांगतील. मी त्यांना शब्द दिलाय."

घरी येईपर्यंत सत्यशीलाने काही सांगितलं नाही.

गुरुवार, ६ मार्च

जीपमध्ये सांगितलं. बाहेर बघत, माझ्याकडे पाठ करून. श्रावणापासून तिच्या अंगावरून जातं. आधी नुसता डाग, मग चार-चार दिवस. सात महिने.

माझ्या मनात पहिला विचार आला तो तिचा नव्हता. दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही म्हणून इथे लिहितो. मी मंगळवार मोजायला लागलो. मग तिने न विचारता सांगितलं की तसल्या दिवसांत ती पायरी चढली नाही, बायडाबाईकडून नैवेद्य करून घेतला. मला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

दवाखान्यात मशीनवर पाहिलं. पिशवीच्या आतलं अस्तर फार जाड झालं आहे. वनमाला सिस्टरने बारीक नळीने आतला तुकडा घेतला, मोठ्या डॉक्टरीणबाई बाजूला उभ्या होत्या. सत्यशीला म्हणते, दुखलं, पण सिस्टर प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगत होती, म्हणून भीती कमी वाटली. रिपोर्ट आठवड्याने.

मला सिस्टर बाजूला घेऊन म्हणाली की पाळी थांबून वर्ष झाल्यावर एक थेंब जरी दिसला तरी तो तपासायचाच असतो. बहुतेक वेळा साधं काही निघतं. काही वेळा नाही. तिने तो शब्द सरळ उच्चारला, बाजरी-ज्वारी म्हणावं तसा. मी इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

गुरुवार, १३ मार्च

कॅन्सर आहे. पिशवीच्या अस्तराचा.

सिस्टरने आम्हा दोघांना बसवलं, दार लावलं. पातेल्याला आतून खरवड धरावी तसं अस्तर आहे, म्हणाली. ती पातेल्याच्या पत्र्यात किती उतरली, बाहेर गेली का, ते ऑपरेशननंतर कळेल. पण लवकर काढलं तर पुष्कळ बाया बऱ्या होतात. पुष्कळ म्हणजे किती, असं मी विचारलं. आकडा तिने सांगितला, आणि हेही सांगितलं की एकट्या बाईला आकडा लागू होत नसतो.

अडचण साखरेची. दोनशे नव्वद आहे. एवढ्या साखरेवर ऑपरेशन होत नाही. दोन आठवड्यांत खाली आणायची, रोज सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन. ते मी द्यायचं. सिस्टरने मला मोसंबीवर टोचायला शिकवलं. माझा हात कापत होता. ती म्हणाली, "देवीला डोळे बसवताना कापतो का?" मी नाही म्हटलं. "मग?" म्हणाली.

रोजचा आकडा तिला फोनवर कळवायचा. तारीख २७ मार्च, गुरुवार.

सत्यशीला पूर्ण वेळात एकच वाक्य बोलली. "आन न्हाई काढली तर?" सिस्टरने उत्तर टाळलं नाही. म्हणाली, तर तो पसरंल, आणि मग माझ्या हातात फार थोडं उरंल.

शनिवार, १५ मार्च

देवस्थान समितीचे सुंदरराव आले होते. गावात एवढंच माहीत आहे की पिशवीचं काहीतरी आहे. सुंदरराव म्हणाले, "आरं त्रिंबक, आपल्याकडं पिशवी काढनं म्हंजे दाढ काढल्यावानी. लातूरला कशाला जाता? तालुक्याला माज्या वळखीचा हाय. उद्या नेली तर परवा घरी."

आमच्या भागात निम्म्या घरांत हे झालेलं आहे, त्यामुळे त्यांचं म्हणणं पटत होतं. सिस्टरला साखरेचा आकडा (२६१) कळवताना सहज विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदा चढला. नुसती पिशवी काढणं वेगळं आणि हा आजार काढणं वेगळं, म्हणाली. आजूबाजूच्या गाठी तपासाव्या लागतात, पिशवी न फोडता काढावी लागते. अर्धवट झालं तर दुसऱ्यांदा संधी मिळेलच असं नाही. "महाराज, तुमच्या हातापाया पडते, कुठं नेऊ नका." माझ्या पाया पडायची भाषा तिने केली, त्याने मी घाबरलो.

सोमवार, १७ मार्च

साखर २०५. आकडा उतरतो आहे आणि सत्यशीला येत नाही म्हणते.

दुपारी मी इंजेक्शन भरत होतो. ती म्हणाली, देवीचा कौल लावा. ती हो म्हणाली तर जाते, नाही म्हणाली तर इथंच मरते. मी म्हटलं, असल्या गोष्टीत कौल लावत नसतात. ती म्हणाली, लोकांच्या म्हशीसाठी लावता, विहिरीसाठी लावता.

मग ते सांगितलं. माघी पौर्णिमेला बायडाबाई नव्हती. त्या दिवशी तिच्या अंगावरून जात होतं, आणि तिनेच पुरण वाटलं, तिनेच परात भरली. अडीचशे माणसांचं पान वाढून थांबलं होतं. कुणाला काय सांगणार होती? तो आजार म्हणजे त्या पुरणाची शिक्षा आहे, आणि शिक्षा चुकवून पळालं तर देवी पुढचं मोहिनीवर काढेल, असं तिला वाटतं.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. आजार श्रावणातला आणि पुरण माघातलं, हे माझ्या लक्षात आत्ता लिहिताना येत आहे. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फक्त ती परात होती. नैवेद्य दाखवताना मी मंत्र म्हटले होते, डोळे मिटले होते.

मंगळवार, १८ मार्च

सिस्टरला फोन केला. सगळं सांगितलं, पौर्णिमेचंही. वाटलं हसेल, नाहीतर रागावेल. तिने विचारलं, कौल कसा लावतात? मी सांगितलं, कण्हेरीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायच्या आणि प्रश्न बोलायचा. उजवी आधी पडली तर एक, डावी पडली तर दुसरं. आणि कौल मिळेपर्यंत पाकळीला हात लावायचा नाही.

ती म्हणाली, बरं झालं तुम्ही सांगितलं, कारण येत्या सोमवारची, चोवीस तारखेचीही एक जागा रिकामी झाली आहे, साखर बसली तर लवकरचं बरं. मी दोन्ही दिवस धरून ठेवते, सोमवार आणि गुरुवार. देवीला विचारून कळवा.

बाई भोळी आहे. तिला वाटलं, दिवसच विचारायचा आहे. मी तिची समजूत दुरुस्त करणार होतो, तेवढ्यात फोन ठेवला तिने.

गुरुवार, २० मार्च

साखर १६२. दोन दिवस सिस्टरची ती चूक डोक्यातून जात नाही. उजवी पडली तर सोमवार. डावी पडली तर गुरुवार. असं विचारलं तर खोटं काय आहे? देवीला कोणता प्रश्न घालायचा हे गुरवानेच ठरवायचं असतं. पण तीस वर्षांत मी माणसाने विचारलेला प्रश्नच देवीपुढे ठेवला. एका शब्दाचा फरक केला नाही.

शुक्रवार, २१ मार्च

उन्हं कलल्यावर देऊळ रिकामं असतं, तेव्हा गेलो. सत्यशीला खालच्या पायरीवर बसली. मी अंघोळ करून पाकळ्या लावल्या आणि प्रश्न हळू आवाजात बोललो. सोमवार की गुरुवार.

पाकळी पडेना. एरवी घटकाभरात पडते. मी उभा. उजवीची कड सुटली आणि तिथेच थांबली. बाहेरून सत्यशीलाने विचारलं, पडली का? नाही म्हटलं. थोड्या वेळाने परत. मग म्हणाली, "काय इचारलंत तिला?"

देवीसमोर खोटं बोलता आलं नाही. सांगितलं.

ती उठून उभी राहिली. "तिला बी फशिवता व्हय? आयुष्यभर जिचं खाल्लं तिला? म्हून पडंना झाल्यात पाकळ्या." मग ओरडली नाही. नुसती विचारत राहिली, तुम्ही गुरव आहात, तुम्ही सांगा, माझ्या हातून बाटलं का नाही? एवढंच सांगा. चार दिवस तुम्ही माझ्याकडे बघून बोलला नाहीत.

खरंच बोललो नव्हतो. इंजेक्शन देताना दंडाकडे बघत होतो.

मी हात लावून दोन्ही पाकळ्या काढल्या. असं आमच्या घराण्यात कुणी केलेलं नाही. पायऱ्या उतरून खाली तिच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "नैवेद्य तू रांधलास. दाखवला मी. मी दाखवला तवाच तो देवीचा झाला. बाटला आसंल तर माज्या हातानं बाटला. ते माजं मी बघून घीन तिच्याशी. तू चल."

तिने माझ्या हातातल्या पाकळ्यांकडे पाहिलं. "आन ह्या?"

"ह्या बी मीच काढल्या."

"दोन झाली की मग तुमच्या नावावर," ती म्हणाली. आणि मग, "सोमवारी जाऊ. जास्ती दिस गेले तर आनखी काय तरी करून बसाल."

सोमवार, २४ मार्च

ऑपरेशन झालं नाही. माझ्यामुळे.

काल दवाखान्यात दाखल झालो. रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही, असं सिस्टरने तिला, मला आणि मोहिनीला वेगवेगळं सांगितलं, आम्हाला ते परत म्हणायला लावलं. आम्ही म्हटलं. सकाळी सहाला मी अंघोळ करून बरोबर आणलेला देवीचा टाक पुजला आणि तिच्या तळहातावर प्रसाद ठेवला. खोबरं आणि गूळ. तिने खाल्ला. आम्हा दोघांनाही काही चुकलं असं वाटलं नाही.

आठ वाजता न्यायला आले. दारात सिस्टरने विचारलं, काही खाल्लं? सत्यशीला नाही म्हणाली. मीही नाही म्हणालो. काही प्यायलं? नाही. स्ट्रेचर हललं. सिस्टरने दांडीला हात घातला आणि विचारलं, "देवीचं काही?"

सत्यशीला म्हणाली, "परसाद तेवढा."

सिस्टरने डोळे मिटले. स्ट्रेचर परत फिरवायला लावलं. मग मला जिन्यात नेऊन सांगितलं. भुलीत पोटातलं वर येतं, श्वासात जातं, माणूस टेबलावरच जातो. "मी विचारलं नसतं तर?" म्हणाली. आवाज मोठा नव्हता, म्हणून जास्त लागला. यादी भरलेली, साखरही सकाळी परत दोनशेच्या वर. आता गुरुवार.

ती गेल्यावर मी जिन्यातच बसून होतो. प्रसाद म्हणजे खाणं, हे पन्नाशीला आलो तरी मला माहीत नव्हतं.

आणि गुरुवार. डावी. मी तेव्हा थांबलो असतो तर डावीच पडली असती का? हा विचार करायचा नाही असं ठरवतो आणि करतो.

गुरुवार, २७ मार्च

पावणेआठला आत नेली. सकाळी मी पूजा केली नाही. हात रिकामे ठेवून बसलो.

चार तास. मोहिनी माझ्या बाजूला नखं खात होती. मध्ये एकदा एका बाईचे नातेवाईक रडत गेले, कुणाचे ते कळेना, मोहिनीने माझं मनगट धरलं. मी नामस्मरण करायला गेलो तर तोंडात येई, सगळं माझ्या नावावर आहे, माझ्याच नावावर ठेव. हे स्मरण आहे की सौदा, मला सांगता येत नाही.

पावणेबाराला सिस्टर बाहेर आली. तोंडावरची पट्टी खाली केली. पिशवी, अंडाशयं आणि काही गाठी काढल्या. डोळ्यांना बाहेर काही दिसलं नाही. खरं काय ते रिपोर्ट सांगेल. "ताई शुद्धीवर येताना तुमच्या नावानं काय तरी म्हनत होत्या. चांगलं नव्हतं," म्हणाली. मोहिनी हसली आणि हसता हसता रडायला लागली.

शनिवार, २९ मार्च

सिस्टरने तिला दुसऱ्याच दिवशी चालवलं. खोकताना उशी पोटाशी धरायची. पाय सुजला तर लगेच कळवायचं. मला एक वही करायला सांगितली: ताप, जखम, साखर, आणि अंगावरून काही जातं का. रोज विचारायचं, रोज लिहायचं. मी म्हटलं, ती सांगेल ना. सिस्टर म्हणाली, "सात महिने सांगितलं न्हाई महाराज. आता तुमी इचारायचं."

आज विचारलं. शब्द जिभेवर येईना. ती म्हणाली, "इचारा की, म्या काय खाती का?"

गुरुवार, १० एप्रिल

रिपोर्ट आला. मांसाच्या थरात उतरलाय, पण अर्ध्याहून कमी. गाठी स्वच्छ. तरी आजाराची जात थोडी जोरकस आहे, म्हणून आतून तीन वेळा शेक द्यायचा. म्हणजे किरणांचा उपचार. पुढच्या महिन्यात.

नंतर सिस्टरने आम्हा दोघांना एकत्र बसवून नवरा-बायकोच्या गोष्टीबद्दल सांगितलं. शेकानंतर जागा आखडते, काय काळजी घ्यायची, घाई कशी करायची नाही. मी खिडकीतून बाहेरच्या टाकीकडे बघत होतो. सत्यशीला मात्र प्रश्न विचारत होती. तीन प्रश्न. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, मला तिचे हे प्रश्न माहीत नव्हते.

रविवार, २० एप्रिल

सुंदरराव भेटायला आले. ओट्यावर बसून म्हणाले, "आता पिशवीच न्हाई म्हनल्यावर सवालच मिटला. वहिनी कायमच्या सवळ्या झाल्या. समितीचं ठरलंय, नैवेद्य त्यांच्याकडंच."

सत्यशीला दारामागून सगळं ऐकत होती. ते गेल्यावर म्हणाली, "पिशवी माजी, आन ठरवलं समितीनं." रात्री साखर मोजताना म्हणाली, ताकद आली की करीन. समितीसाठी नव्हे.

गुरुवार, २२ मे

तिसरा शेक झाला. थकली आहे, जेवण जात नाही. सिस्टर एक दिवसाआड फोन करते, आधी तिच्याशी बोलते, मग माझ्याशी, आणि दोघांचं जुळतं का ते बघते, असं मला वाटू लागलं आहे. साखर १३०. अंगावरून काही नाही.

मंगळवार, २४ जून

सत्यशीलाने आज कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा नैवेद्य रांधला. स्वतः अकरा पायऱ्या चढली, दोनदा थांबून. ताट मी देवीपुढे ठेवलं. सुंदरराव आणि समितीची माणसं होती, बायका होत्या, आरती सुरू झालेली. ती बाहेरच्या मोरीकडे जाऊन आली आणि सभामंडपाच्या मधोमध उभी राहिली.

"अहो, आरती ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मला रक्त दिसलंय."

टाळ थांबले. बायडाबाईने पदर तोंडाला लावला. सुंदरराव आधी तिच्याकडे बघत होते, मग देवीपुढच्या ताटाकडे, मग माझ्याकडे. मी काय करतो ते बघत होते.

मी आरतीचं तबक त्यांच्या हातात दिलं. घ्यायचं नव्हतं त्यांना, पण ज्योत पेटलेली होती, टाकता येईना. ताटाला मी हात लावला नाही. ते देवीपुढे होतं तिथेच राहिलं.

पायऱ्यांवरूनच फोन लावला. सिस्टरने विचारलं, किती, कधीपासून, रंग कसा. मी मोठ्याने सांगितलं, आत सगळ्यांना ऐकू गेलं असेल. रक्त, नाण्याएवढं, लाल, आत्ताच. ती म्हणाली, उद्या सकाळी नऊला या, मी स्वतः बघते.

आम्ही उतरत असताना वर सुंदररावांचा आवाज आला. आरती म्हणत होते. सूर चुकत होता.

सत्यशीलाचा हात धरला तेव्हा तो थंड होता. माझाही असावा. ती म्हणाली, "भ्या वाटतंय." मी म्हटलं, मलाही.

बुधवार, २५ जून

सिस्टरने तपासलं, डॉक्टरीणबाईंनाही दाखवलं. शेकाने आतली कातडी पातळ होते, तिथून येतं. आजार नाही. मलम दिलं आहे. सप्टेंबरात परत तपासणी, नंतर दर तीन-चार महिन्यांनी, पाच वर्षं. मधल्या काळात पुन्हा दिसलं तर पुन्हा असाच फोन करायचा, लाजायचं नाही, असं ती मला म्हणाली. सत्यशीलाला म्हणाली नाही.

परत येताना मांजरसुंब्याच्या सिस्टरची नक्कल करत सत्यशीला जीपमध्ये मोठ्या आवाजात बोलत होती. पुढची माणसं वळून बघत होती.

साखर १३४. ताप नाही. सकाळी रक्त एक डाग, दुपारनंतर नाही.